आण्णांचा एक्सपी

दिवाळीला उमरग्याला गेलो, की घरी एक काम माझ्यासाठी राखून ठेवलेलं असतं. आण्णांचा कॉम्प्युटर 'बघणं'. चिवड्याची वाटी हातात पडायच्या आत आण्णा म्हणतात, "जरा बघ की रे, लई हळू चालायलाय." मग मी झाकण उघडून धूळ झटकतो, दोन केबली काढून परत लावतो आणि "झालं" म्हणतो. आण्णांना बरं वाटतं. मलाही.

२०२५च्या दिवाळीत मात्र मी जरा जास्तच बघितलं. त्याचीच ही गोष्ट.

आधी यंत्राची ओळख करून देतो. २००४ साली आण्णा जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झाले, तेव्हा सोलापूरहून हा कॉम्प्युटर जुळवून आणला होता. पेंटियम ४, २५६ एमबी रॅम, ४० जीबीची हार्ड डिस्क आणि विंडोज एक्सपी. तेव्हा गल्लीत त्याचं केवढं कौतुक! पुढे मॉनिटर बदलला, एसएमपीएस दोनदा बदलला (मराठवाड्यातलं लोडशेडिंग ज्यांनी अनुभवलंय त्यांना कारण सांगायला नको), पण आतला एक्सपी तोच राहिला. मदरबोर्डवरची बॅटरी संपून जमाना झाला. त्यामुळे वीज गेली की तो सगळं विसरतो आणि सुरू होताना १ जानेवारी २००२ ही तारीख दाखवतो. आण्णा शांतपणे एफ-१ दाबतात. "त्याला तारखेचं काय काम आहे," म्हणतात.

मधली दोन-तीन वर्षं पुतण्याच्या अभ्यासासाठी इंटरनेट होतं, ते कधीच बंद झालं. आण्णा हा कॉम्प्युटर टाइपरायटरसारखा वापरतात. तरुणपणी त्यांनी मराठी टंकलेखनाची ३० शब्दांची परीक्षा दिली होती. रेमिंग्टनचा कळफलक त्यांच्या बोटांत बसलेला आहे. वय ७९, डोळ्यांची कुरकुर, पण बोटं अजून चुकत नाहीत.

आता माझी ओळख. मी पुण्यात नोकरी करतो आणि माझं पोट जुनी सॉफ्टवेअर्स काढण्यावर चालतं. कंपन्यांच्या शेकडो कॉम्प्युटरवर वर्षानुवर्षं साचलेलं जे काही असतं ते शोधायचं, काढायचं, नवीन घालायचं. २०१४च्या ८ एप्रिलला मायक्रोसॉफ्टनं एक्सपीचा आधार काढून घेतला, तेव्हा आम्ही रात्रीचे दिवस केले. २०२०च्या १४ जानेवारीला विंडोज ७. त्याच वर्षाच्या शेवटच्या दिवशी फ्लॅश. २०२२च्या १५ जूनला इंटरनेट एक्सप्लोरर. आणि २०२५च्या १४ ऑक्टोबरला विंडोज १०. म्हणजे मी दिवाळीला घरी पोचलो तो तीन महिने हेच करून. हात शिवशिवत होते म्हणा ना.

लक्ष्मीपूजनाच्या दुपारी सगळे आडवे झाले आणि मी आण्णांच्या कॉम्प्युटरसमोर बसलो.

'अ‍ॅड ऑर रिमूव्ह प्रोग्रॅम्स' उघडलं, तर काय विचारता! जावाच्या चार आवृत्त्या एकाखाली एक. (तेव्हाची जावा नवीन येताना जुनीला घालवत नसे. सगळ्या जावा एकत्र कुटुंबात सुखानं नांदायच्या.) फ्लॅश प्लेअर. रिअल प्लेअर. केव्हाच भंगारात गेलेल्या प्रिंटरचा ड्रायव्हर. डायल-अप मोडेमचं सॉफ्टवेअर. एक अँटिव्हायरस, त्याचा शेवटचा अपडेट २००९चा. या सगळ्यांची रोज सकाळी हजेरी लागायची, आणि तोवर आण्णा चहा पिऊन घ्यायचे.

एकेक काढत गेलो. मग विंडोजच्या स्वतःच्या भागांकडे वळलो. एक्सपीत एक गंमत आहे. 'विंडोज मेसेंजर'सारखे काही भाग यादीत दिसतच नाहीत. सिसॉक नावाच्या एका छोट्या फाइलमध्ये त्यांच्या ओळीत 'हाइड' एवढा एक शब्द लिहिलेला असतो. तो शब्द खोडला की लपलेले सगळे यादीत येऊन उभे राहतात. इंटरनेट एक्सप्लोररचं वेगळंच. त्याच्यासमोरची खूण काढली तर डेस्कटॉपवरचं चित्र तेवढं जातं, माल आतच राहतो. ब्राउझर विंडोजपासून वेगळा काढता येतो की नाही, यावर अमेरिकेत सरकार विरुद्ध मायक्रोसॉफ्ट असा खटला १९९८पासून चालला होता. उमरग्यात बसून मी तो निकालात काढणार नव्हतो. सोडून दिलं.

काढता काढता मधूनच एक चौकट यायची. जुनी विंडोज वापरलेल्यांना आठवत असेल. 'ही फाइल अनेक प्रोग्रॅममध्ये सामायिक आहे, आता ती कोणी वापरत नाही असं दिसतं, काढू का?' अशा अर्थाची. यामागे साधा हिशोब असतो. प्रत्येक प्रोग्रॅम येताना त्या फाइलसमोर एक रेघ वाढवतो, जाताना एक खोडतो. रेघा संपल्या की विंडोज समजते, आता हिचं कोणी उरलं नाही. तरी बिचारी विचारते, कारण तिलाही खात्री नसते. पहिल्या चार-पाच वेळा मी वाचलं. मग सरळ 'यस टू ऑल'.

यादीत दोन मराठी पॅकेजेस होती. एक २०११ साली बाजारातल्या डीटीपीवाल्या पोरानं घालून दिलेलं, आण्णा रोज वापरतात ते. दुसरं २००४चं, कॉम्प्युटरसोबत आलेलं. जुन्यासमोर एक्सपीनं स्वतःच लिहिलं होतं, वापर: क्वचित. एकाच कामाची दोन माणसं कशाला? काढलं. चौकट आली. हो. सगळ्यांना हो. शेवटी डिस्कवर जागा व्हावी म्हणून सिस्टिम रिस्टोअरच्या जुन्या नोंदीही पुसल्या.

कॉम्प्युटर सुरू व्हायला चार मिनिटं लागायची, आता दीड. संध्याकाळी पूजेला आण्णांनी वहीबरोबर कॉम्प्युटरलाही हळदकुंकू लावलं आणि आईला म्हणाले, "बघ, पोरगं शिकल्याचा उपयोग झाला."

पाडव्याला सकाळी आण्णांनी हाक मारली. आवाज वेगळा होता.

"अरे, हे काय झालंय?"

पडद्यावर वर्डची फाइल उघडी होती. तिच्यात रोमन अक्षरं, डॉलरची चिन्हं, टक्के, महिरपी कंस, डोक्यावर टिंबं असलेली कुठली तरी युरोपी अक्षरं, सगळं सलग भरलेलं. आठ-दहा पानं तशीच. दुसरी फाइल उघडली, तीही तशीच. २०११च्या पुढच्या फायली ठीक होत्या. त्याआधीच्या सगळ्या अशा. मोजल्या, २१२.

"व्हायरस असंल," आण्णा म्हणाले. मला समजलं होतं व्हायरस कोण ते.

ज्यांना हा प्रकार माहीत नाही त्यांच्यासाठी थोडं सांगतो. युनिकोड सगळीकडे रुळायच्या आधी कॉम्प्युटरवरचं बहुतेक मराठी हे खरं म्हणजे मराठी नव्हतंच. श्रीलिपी, कृतिदेव, सीडॅकचे डीव्हीबी फॉन्ट ही नावं आठवत असतील. कॉम्प्युटरच्या लेखी तिथे रोमन अक्षरं आणि चिन्हंच साठवलेली असायची. फॉन्ट फक्त त्या अक्षरांच्या जागी 'क'चा आकार, अर्धा 'ल', काना, मात्रा असं चित्र दाखवायचा. जागा जेमतेम २५६, त्यात आपली बाराखडी आणि जोडाक्षरं बसवायची, म्हणून प्रत्येक कंपनीनं आपापल्या सोयीनं अक्षरं बसवली. एकाच्या 'क'च्या घरात दुसऱ्याचा 'भ'. एका फॉन्टचा मजकूर दुसऱ्यात उघडला की झाला गोंधळ. अक्षरांना ठरावीक क्रमांक देणारं इस्की नावाचं भारतीय प्रमाण १९९१ साली आलं होतं. युनिकोडची पहिली आवृत्तीही त्याच वर्षीची आणि तिच्यात देवनागरी होती. एवढंच काय, आण्णांच्या एक्सपीलाही युनिकोड मराठी येत होतं! फक्त 'रीजनल अँड लँग्वेज ऑप्शन्स'मध्ये जाऊन एका चौकोनात खूण करायची आणि विंडोजची सीडी घालायची. २००४ साली ती खूण कोणी केली नाही. कोणाला सुचलंही नाही. पॅकेज होतं, मराठी उमटत होतं, विषय संपला.

त्यामुळे मी पॅकेज काढलं आणि त्याच्याबरोबर फॉन्टही गेला. फायलींमधला एक बाइटसुद्धा हलला नव्हता, पण वाचता येणारं काहीच उरलं नव्हतं. वर्डच्या वरच्या पेटीत फॉन्टचं नाव मात्र तसंच होतं. त्या नावाचं कोणी घरात राहत नव्हतं, एवढंच.

आणि त्या रेघांचा हिशोब? त्यात प्रोग्रॅम मोजतात. या फॉन्टवर एका माणसाची सात वर्षांची लिखाई टेकलेली आहे, याची रेघ विंडोजमध्ये कुठेच नसते. ती माहिती फक्त आण्णांकडे होती, आणि ते पलीकडच्या खोलीत झोपले होते. मी विचारलं नाही.

"त्यात काय होतं, आण्णा?" मी विचारलं. आता.

"भूकंपाचं," ते म्हणाले आणि उठून अंगणात गेले.

१९९३ साली आण्णा सास्तूरजवळच्या एका गावात चौथीच्या वर्गाला शिकवायचे. आज तो भाग लोहारा तालुक्यात आहे, तेव्हा उमरग्यात होता. २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी. गणपती बोळवून गावं झोपली आणि ३०च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली. भूकंपाला नाव किल्लारीचं पडलं, लातूर जिल्ह्यातलं, पण आमच्या जिल्ह्यातली सास्तूरकडची गावंही तशीच बसली. दोन्ही जिल्ह्यांत मिळून आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आण्णा त्या रात्री उमरग्याला घरी होते. विसर्जनासाठी आले होते, म्हणून वाचले. त्याबद्दल ते घरात कधी बोलले नाहीत. मी तेव्हा सातवीत होतो. मला एवढंच आठवतं, की नंतर कितीतरी दिवस आण्णा अंगणात झोपायचे. पाऊस असला तरी ओट्यावर.

ते त्यांनी लिहून काढलं होतं, हे मला २०२५च्या पाडव्याला कळलं. तेही वाचता येत नसताना.

कपाटात पॅकेजची सीडी सापडली, पण तिच्यावर बुरशीचे डाग. पार्लल पोर्टला लावायचं लॉक तर कुठेच नव्हतं. (त्या काळच्या पॅकेजांना असा एक ठोकळा मागे लावावा लागायचा, नाहीतर ती चालायची नाहीत.) रिस्टोअरच्या नोंदी मीच पुसलेल्या. पेनड्राइव्हवर हाती येतील ती फाइल-रिकव्हरीची साधनं फिरवून बघितली. काही नाही. नोकरीत दुसऱ्यांच्या बाबतीत अशा वेळी मी "बॅकअप नव्हता का?" असं विचारतो. त्या प्रश्नात किती उद्धटपणा असतो ते त्या दिवशी समजलं.

भाऊबीजेला बाजारात गेलो. तो डीटीपीवाला पोरगा आता पोरगा राहिलेला नाही, चाळिशीचा झालाय. दुकान अर्धं उघडं होतं. तुळशीचं लग्न झालं की लग्नसराई, पत्रिकांच्या ऑर्डरी सुरू झाल्या होत्या. मी फॉन्टचं नाव सांगितलं. तो हसला. "सर, निम्म्या तालुक्याच्या पत्रिका आम्ही याच्यातच छापल्यात. गुरुजींच्या मशिनमधून उडाला का?"

"मी उडवला," मी म्हणालो.

त्यानं कोपऱ्यातल्या पत्रिकांच्या गठ्ठ्यामागचं एक मशिन सुरू केलं. तेही एक्सपी. चार फायली पेनड्राइव्हवर दिल्या आणि पैसे घेतले नाहीत. "आम्ही जुनं काही काढत न्हाई सर. दहा वर्षांनी कोणी म्हातारा येतो आणि म्हणतो, त्या पत्रिकेतला मजकूर पायजे." हे ज्ञान मला कुठल्याही ट्रेनिंगमध्ये मिळालेलं नाही.

घरी येऊन फायली फॉन्ट्सच्या फोल्डरमध्ये टाकल्या, वर्ड बंद करून परत उघडलं. अक्षरं आली. आण्णा मागे उभे होते. काही बोलले नाहीत. माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि चष्मा आणायला गेले.

इथे थांबता आलं असतं. पण हार्ड डिस्क २१ वर्षांची, फॉन्ट पेनड्राइव्हवरचा, आणि वाचू शकणारं यंत्र एकच. म्हणून सगळ्या फायली माझ्या लॅपटॉपवर घेतल्या आणि युनिकोडमध्ये बदलायला बसलो. रजा तीन दिवस वाढवली.

त्यासाठी कन्व्हर्टर मिळतात. पण काम वाटतं तेवढं सरळ नाही. जुन्या फॉन्टमध्ये अक्षरं डोळ्यांना दिसतात त्या क्रमानं साठवतात, युनिकोडमध्ये उच्चाराच्या. 'किल्लारी'च घ्या. टाइपरायटरच्या रीतीनं आधी वेलांटी, मग 'क'. युनिकोडमध्ये आधी 'क', मग वेलांटी. 'वर्ग'मधला रफार जुन्या रीतीत शेवटी येतो, युनिकोडमध्ये त्याचा 'र' 'ग'च्या आधी. कन्व्हर्टरला या सगळ्या उड्या मारायच्या असतात आणि तो अधूनमधून पडतो. 'दुसऱ्या'मधला 'ऱ्य' तर त्याला समजलाच नाही. म्हणजे प्रत्येक ओळ वाचून तपासणं आलं. आण्णांना बारीक अक्षर दिसत नाही. मग असं ठरलं, की मी मोठ्यानं वाचायचं आणि आण्णांनी चुका सांगायच्या.

तीन दिवस वाचत होतो.

माळवदाची घरं होती, दोन-दोन हात रुंद दगडमातीच्या भिंती. आण्णांनी लिहिलं होतं, की भिंती आत कोसळल्या आणि कितीतरी घरांचे लाकडी खांब आणि तुळया मात्र तशाच उभ्या होत्या. नंतर उरलेली घरं उतरवताना म्हातारे सुतार पोरांना ओरडायचे, हात लावायच्या आधी कोणत्या खांबावर काय टेकलंय ते वर बघा. मी ते वाक्य वाचलं आणि थांबलो. आण्णांनी माझ्याकडे बघितलं नाही. "पुढं वाच," म्हणाले.

पुढे हजेरीपट होता. शाळेचा खरा हजेरीपट ढिगाऱ्यात गेला. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये शाळा भरू लागली, तेव्हा नवीन झाला. पण जुना आण्णांनी २००५ साली आठवणीनं टाइप केला होता. चौथीचा वर्ग, ४१ नावं, क्रमानं. काही नावांपुढे काहीच लिहिलेलं नव्हतं. मी विचारलं नाही. मोजली, १३.

एका मुलीच्या नावातला रफार कन्व्हर्टरनं पुढच्या अक्षरावर नेऊन ठेवला होता. मी तसंच वाचलं. आण्णा म्हणाले, "तसं नाही तिचं नाव. नीट लिही." मी दुरुस्त केलं आणि परत वाचलं. त्यांनी मान हलवली. मग सगळी ४१ नावं त्यांनी परत एकदा वाचायला लावली. या वेळी एकही चुकलं नव्हतं.

एक प्रश्न राहिला होता. लिखाणात जागोजागी 'उस्मानाबाद' होतं. २०२३मध्ये जिल्ह्याचं नाव अधिकृतपणे धाराशिव झालं. आण्णा तसे आधीपासून बोलताना धाराशिवच म्हणायचे. मी म्हणालो, "एका झटक्यात सगळीकडे बदलता येईल. करू?"

आण्णांनी थोडा विचार केला. "त्या दिवशी मदतीच्या गाड्या आल्या, त्यांच्यावर उस्मानाबाद लिहिलं होतं. ते तसंच राहू दे. वर आजची तारीख घाल आणि गावाखाली जिल्हा धाराशिव लिही."

तसं केलं.

आता २१२ फायली युनिकोडमध्ये आहेत. तीन ठिकाणी ठेवल्यात, एक प्रत छापून आण्णांच्या ट्रंकेत. निघायच्या दिवशी मी विचारलं, "आण्णा, आता तो जुना फॉन्ट खरंच कशाला लागत नाही. काढू का?"

"किती जागा खातोय?"

"काहीच नाही. तुमच्या एका फोटोपेक्षा कमी."

"मग असू दे की. कशाला काढायलास?"

नाही काढला. जावा, फ्लॅश आणि ती बाकीची मंडळी गेली ती मात्र गेलीच, आणि त्यांचं मला काही वाईट वाटत नाही. जुनं काढावंच लागतं. माझा धंदाच तो आहे. पण पुण्याला परतल्यावर मी आमच्या कामाच्या यादीत एक ओळ वाढवली. काढण्याआधी ते यंत्र जो रोज वापरतो त्याला विचारा, यावर काय टेकलंय. आमचा मॅनेजर म्हणाला, वेळ वाढेल. वाढतोय. दर मशिनमागे दहा मिनिटं.

आण्णांचा फोन आला होता परवा. वीज गेली होती, कॉम्प्युटर परत २००२ सालात गेलाय. पण सुरू मात्र दीड मिनिटात होतो म्हणाले.